जो राजा झालाच नाही, तो 'माजी राजा' कसा?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका दिवाळी अंकासाठी तुम्ही सर्बियाच्या काराजोर्जेविच राजघराण्यावरचा इंग्रजी लेख मराठीत करताय. त्यात चार पिढ्यांमधल्या निम्म्या लोकांना 'प्रिन्स' म्हटलंय, एकाला 'क्राउन प्रिन्स', आणि देशात तर राजेशाहीच उरलेली नाही. मग कुणाला राजे म्हणायचं, कुणाला युवराज, कुणाला राजपुत्र? त्यात संपादकांनी समासात लिहून पाठवलंय, 'ही मंडळी पोटापाण्यासाठी काय करतात, तेही येऊ द्या.' नमुना म्हणून तुम्ही मसुद्यातलं एक वाक्य दिलंय: 'माजी राजे अलेक्झांडर यांचे वडील राजपुत्र पीटर यांच्या अस्थी २०१३ साली मायदेशी आणण्यात आल्या.'

या एका वाक्यात तीन चुका आहेत. पण नाउमेद होऊ नका, त्यातली पहिली मी स्वतः छापून मोकळा झालेलो आहे.

गोष्ट २००१ च्या जुलैची. मी तेव्हा परराष्ट्र पानावर उपसंपादक होतो. अलेक्झांडर १७ जुलैला, म्हणजे स्वतःच्या छप्पन्नाव्या वाढदिवशी, बेलग्रेडच्या राजवाड्यात राहायला गेले. एजन्सीकडून चार ओळींची बातमी आली, रात्रीचं पान सोडायची घाई, आणि मी मथळा ठोकला: 'माजी राजे मायदेशी परतले'. आठवड्याभरात मिरजेहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. 'जो राजा झालाच नाही, तो माजी राजा कसा? आणि जो त्या देशात जन्मलाच नाही, तो परतला कसा?' खाली सही, बाकी एक शब्द नाही. ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, निवृत्त होईपर्यंत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी, की शब्दाच्या मागे लागण्याआधी प्रत्येक माणसापुढे एक प्रश्न मांडायचा. यानं राज्य केलं, की हा फक्त गादीचा वारसा सांगतो, की नुसता घराण्यात जन्मला? 'माजी' हा शब्द पहिल्यालाच लागतो. बाल्कनमधलं सरळ उदाहरण बल्गेरियाच्या सिमिओन यांचं. १९४३ साली, सहा वर्षांचे असताना ते राजे झाले, १९४६ च्या सार्वमतानंतर देश सोडावा लागला, आणि २००१ साली निवडणूक जिंकून त्याच देशाचे पंतप्रधान झाले. २००५ पर्यंत होते. ते माजी राजेही आहेत आणि माजी पंतप्रधानही. दोन्ही 'माजी' खणखणीत. तुमचे अलेक्झांडर मात्र एक दिवसही गादीवर बसलेले नाहीत.

मग इंग्रजी लेखात एवढा गोंधळ का? कारण इंग्रजीत एकच 'प्रिन्स' आहे, आणि सर्बियन भाषेत त्यासाठी निदान तीन शब्द आहेत. अलेक्झांडर यांना तिथं 'प्रेस्तोलोनास्लेद्निक' म्हणतात. 'प्रेस्तो' म्हणजे गादी, 'नास्लेद्निक' म्हणजे वारस. आपला 'युवराज' त्याला चांगला बसतो, फक्त 'युव' शब्दाला हसू नका, गृहस्थ १९४५ चे आहेत. त्यांचे काका तोमिस्लाव्ह यांना 'क्राल्येविच' म्हणत, म्हणजे शब्दशः राजाचा मुलगा. तिथं 'राजपुत्र' अगदी फिट्ट. आणि तिसरा शब्द 'क्नेझ', त्यात खरी मेख आहे. १८४२ ते १८५८ सर्बियावर राज्य करणारे पहिले अलेक्झांडर काराजोर्जेविच हे 'क्नेझ' होते, इंग्रजीत प्रिन्स. त्यांना 'राजपुत्र अलेक्झांडर' लिहिलंत, तर वाचक त्यांचा बाप शोधत बसेल. ते स्वतःच सत्ताधीश होते, सर्बियाला तेव्हा राजाच्या राज्याचा दर्जा नव्हता एवढंच. मी 'अधिपती' लिहितो. 'संस्थानिक' लिहिण्याचा मोह होतो, पण तो शब्द आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजांचा रेसिडेंट उभा करतो, आणि तिथं वर बसलेला होता तुर्कांचा सुलतान.

विसाव्या शतकातले पॉल हेही 'क्नेझ'च, पण त्यांची गोष्ट वेगळी. ते राजाचे पुत्र नव्हते, तुमच्या अलेक्झांडर यांचे आजोबा राजे अलेक्झांडर यांचे चुलतभाऊ होते. १९३४ ते १९४१ त्यांनी राज्यकारभार पाहिला तो अल्पवयीन राजाच्या वतीनं. त्यांना 'राजपुत्र पॉल' लिहिणं वंशावळीत चुकीचं आणि अर्थातही चुकीचं. 'राजप्रतिनिधी पॉल' लिहा, काम भागतं.

आता पीटर. तुमच्या वाक्यात ते 'राजपुत्र' झालेत, आणि मला वाटतं चूक कशी झाली ते मला कळलं. युवराज अलेक्झांडर यांच्या थोरल्या मुलाचं नावही पीटर आहे, आणि लेखात दोघे जवळजवळच्या परिच्छेदांत आले असणार. या घराण्यात नावं फिरून फिरून तीच येतात, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. अलेक्झांडर तर एवढे आहेत, की मी माझ्या टिपणात 'मार्सेयचे अलेक्झांडर', 'हॉटेलातले अलेक्झांडर' असं लिहून ठेवायचो. छापायला नव्हे, स्वतःला कळायला.

वडील पीटर हे राजे होते. दुसरे पीटर, युगोस्लाव्हियाचे अखेरचे राजे (सर्बिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता). त्यांच्यासाठी लेखात जरा जागा करा, कारण बाकी सगळं त्यांच्यावरून वळतं. जन्म ६ सप्टेंबर १९२३. वडिलांचा, म्हणजे राजे अलेक्झांडर यांचा, ९ ऑक्टोबर १९३४ ला फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात खून झाला. मोटारीच्या पायरीवर चढून मारेकऱ्यानं गोळ्या झाडल्या, आणि तिथं बातमीपटाचे कॅमेरे हजर असल्यानं तो प्रसंग जगानं पाहिला. अकरा वर्षांचा पीटर तेव्हा इंग्लंडमधल्या शाळेत होता. त्याला तिथून उठवून बेलग्रेडला आणलं ते राजा म्हणूनच.

२५ मार्च १९४१ ला राजप्रतिनिधी पॉल यांच्या सरकारनं जर्मनीच्या गोटात जायच्या करारावर सही केली. दोन दिवसांत लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून त्यांना हटवलं आणि सतरा वर्षांच्या पीटरला सज्ञान जाहीर केलं. रेडिओवरून राजाची घोषणा झाली, पण ती वाचली होती दुसऱ्याच माणसानं, राजाचा आवाज काढून! राजाला आपण काय बोललो ते इतर श्रोत्यांबरोबरच कळलं. दहा दिवसांनी, ६ एप्रिलला, जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले. पीटर देशाबाहेर पडले, ग्रीस आणि मध्यपूर्व करत लंडनला पोचले आणि जिवंतपणी परत कधी सर्बियात आले नाहीत.

इथं एक शब्द सांभाळा. इंग्रजी लेखात 'पदत्याग' अशा अर्थाचं काही आलं असेल तर तपासून घ्या. रुमानियाचे राजे मिहाय यांनी ३० डिसेंबर १९४७ ला पदत्यागाच्या कागदावर सही केली होती, धाकदपटशानं का होईना. पीटर यांनी अशी सही कधीच केली नाही. २९ नोव्हेंबर १९४५ ला कम्युनिस्ट नेते टिटो यांच्या राजवटीतल्या घटनासमितीनं राजेशाही रद्द केली, म्हणजे ते पदच्युत झाले. १९४७ साली नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली. 'पदत्याग' आणि 'पदच्युत' यांत दोन-तीन अक्षरांचा फरक, पण घराण्याचा सगळा दावा त्या फरकावर उभा आहे.

पुढचं आयुष्य फार ओढगस्तीचं. अमेरिकेत राहिले, तब्येत ढासळत गेली, आणि ३ नोव्हेंबर १९७० ला डेन्व्हर शहरात यकृताच्या आजारानं गेले. वय सत्तेचाळीस. इलिनॉय राज्यातल्या लिबर्टीव्हिल इथल्या सर्बियन मठात त्यांना पुरलं. अमेरिकेच्या मातीत पुरलेला युरोपचा राजा असा तो एकच. त्यांची राणी अलेक्झांड्रा ही ग्रीसच्या राजाची मुलगी, पण बापाचं तोंड न पाहिलेली. तो राजा १९२० साली माकड चावून, जखम चिघळून गेला, आणि ही पुढच्या वर्षी जन्मली. एवढी ओळ तरी घालाच. वाचक विसरणार नाहीत.

आता युवराज. त्यांचा जन्म १७ जुलै १९४५ चा, लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलातल्या २१२ क्रमांकाच्या दालनात. गोष्ट अशी सांगतात, की वारस मायभूमीवर जन्मावा म्हणून चर्चिल यांनी ते दालन एका दिवसापुरतं युगोस्लाव्हियाला देऊन टाकलं आणि पलंगाखाली सर्बियाची माती ठेवली होती. गोष्ट झकास आहे, पण तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. 'असं सांगतात' हे दोन शब्द घातल्याशिवाय ती छापू नका. तारखा मात्र पक्क्या आहेत आणि त्या बघा: जन्म जुलैत, राजेशाही रद्द नोव्हेंबरात. म्हणजे जेमतेम साडेचार महिने हे बाळ खरोखरीचं, कायद्यानं युवराज होतं. म्हणून 'युवराज' हा शब्द मला त्यांच्यासाठी चालतो; तो हवेतून आलेला नाही. वडील गेल्यावर त्यांनी स्वतःला 'राजे' म्हणवून घेतलं नाही, आणि हक्कही सोडला नाही. जन्मताना मिळालेली पदवी तेवढी वागवत राहिले.

'पण प्रजासत्ताकात युवराज कसा?' हा प्रश्न तुमच्या अंकाचे मुद्रितशोधक हमखास विचारतील. त्यांना सांगा, आपल्याकडे १९७१ च्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता दोन्ही गेलं, तरी कोल्हापुरात आणि साताऱ्यात माणसं 'महाराज' म्हणतातच. ते लोकांचं म्हणणं, सरकारचं नव्हे. सर्बियातही तसंच, पदवीला कायद्याचा आधार नाही, रिवाजाचा आहे. मी पहिल्या उल्लेखात 'पूर्वीच्या राजघराण्याचे युवराज अलेक्झांडर' लिहितो आणि पुढे नुसतं 'अलेक्झांडर'. प्रत्येक वाक्यात 'युवराज' आलं, की लेख मुजरा घालत चालल्यासारखा वाटतो. मात्र हे अंकाच्या धोरणावरही आहे. काही संपादकांना पदवी अजिबात नको असते, काहींना ती हवीच असते. तिथं वाद घालू नका, फक्त लेखभर एकच रीत ठेवा.

आदरार्थी बहुवचनाचाही प्रश्न येणारच. मी वर पीटर शाळेतून येतो तेव्हा 'तो' लिहिलं आणि देश सोडतो तेव्हा 'ते'. हे ठरवून केलंय. पोर असेपर्यंत एकवचन, सज्ञान झाल्यापासून अनेकवचन. अकरा वर्षांच्या पोराला 'ते शाळेत होते' म्हटलं, तर त्या प्रसंगातलं पोरकेपण निघून जातं.

संपादकांच्या समासातल्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो दिसतो तेवढा उथळ नाही. गादी गेलेली माणसं करतात काय, यात घराण्याचा खरा इतिहास आहे. अलेक्झांडर ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते, नंतर विमा वगैरे व्यवसायांत शिरले, अमेरिकेत राहिले. काका तोमिस्लाव्ह यांनी इंग्लंडच्या ससेक्समध्ये सफरचंदांची बाग लावली आणि ती स्वतः सांभाळली. नव्वदच्या दशकात, युद्ध आणि निर्बंधांच्या काळात, ते सर्बियात राहायला गेले आणि २००० साली तिथंच वारले. राजपुत्र म्हणून जन्मलेला आणि बागायतदार म्हणून जगलेला हा माणूस मला या घराण्यात सगळ्यात आवडतो. जागा कमी पडली तर बाकीच्यांना कात्री लावा, याला नको. राजप्रतिनिधी पॉल यांना ब्रिटिशांनी केनियात नजरकैदेत ठेवलं, तिथून दक्षिण आफ्रिका, मग पॅरिस. त्यांची मुलगी एलिझाबेथ २००४ साली सर्बियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभी राहिली आणि पडली. तिची मुलगी अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिकांमधली नटी झाली.

युवराजांची मुलं तीन, पहिल्या लग्नाची: पीटर आणि मग जुळे फिलिप व अलेक्झांडर. थोरल्या पीटर यांनी एप्रिल २०२२ मध्ये वारसा सोडला आणि तो फिलिप यांच्याकडे आला. फिलिप लंडनमध्ये वित्तक्षेत्रात नोकरी करत होते, नंतर बेलग्रेडला राहायला आले. त्यांची बायको दानित्सा, एका सर्बियन चित्रकाराची मुलगी. मुलगा स्तेफान फेब्रुवारी २०१८ मध्ये बेलग्रेडमध्येच जन्मला. मिरजेच्या वाचकांनी ते पाहिलं असेल तर त्यांची खात्री पटली असेल, की 'मायदेशी' शब्द आता कुठं जागेवर आला. फक्त फिलिप यांना 'प्रिन्स फिलिप' लिहू नका. मराठी वाचकाच्या मनात त्या नावानं राणी एलिझाबेथ यांचे यजमान ठाण मांडून बसलेत. (तेही जन्मानं ग्रीसच्या राजघराण्यातलेच, म्हणजे बाल्कनचेच, पण तो फाटा तुमच्या लेखात फोडू नका.) आणि 'राजपुत्र'ही नको, कारण वडील राजे नव्हते. 'फिलिप काराजोर्जेविच' पुरे.

राजवाड्याबद्दल एकच खबरदारी. बेलग्रेडमधल्या डेडिन्येच्या टेकडीवर दोन वास्तू आहेत, १९२० च्या दशकातला राजवाडा आणि १९३० च्या दशकातला श्वेत प्रासाद. २००१ पासून अलेक्झांडर तिथं राहू लागले हे खरं, पण राहायला मिळणं वेगळं आणि सातबारावर नाव लागणं वेगळं. 'राजवाडा परत मिळाला' असं लिहू नका. 'राजवाड्यात राहण्याचा हक्क मिळाला' लिहा.

उच्चारांचं थोडक्यात सांगतो. आडनावातले दोन्ही 'ज' तेच, जे टेनिसपटू जोकोविचच्या नावाच्या सुरुवातीला आहेत. म्हणून 'काराड्जोर्ड्जेविच' वगैरे कसरती नकोत. मूळ पुरुष 'काराजोर्जे', म्हणजे काळा जॉर्ज, डुकरांचा व्यापार करणारा शेतकरी, १८०४ च्या तुर्कांविरुद्धच्या उठावाचा म्होरक्या. त्याच्यापुढे 'विच' लागून वंशाचं नाव झालं. रोमन लिपीतला 'सी' सुटा आला की उच्चार 'त्स': ओप्लेनात्स, ओप्लेनाक नव्हे.

आणि ओप्लेनात्सवरूनच तुमच्या वाक्यातली तिसरी चूक. टोपोला गावाजवळच्या या टेकडीवर पहिल्या पीटर राजांनी बांधवलेलं सेंट जॉर्जचं चर्च आहे. आतून ते पायापासून घुमटापर्यंत रंगीत काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे, तुकडे चार कोटींच्या वर, आणि चित्रं सर्बियातल्या जुन्या मठांमधल्या भित्तिचित्रांवरून उतरवलेली. खाली तळघरात घराण्याची दफनभूमी. २२ जानेवारी २०१३ ला पीटर यांना अमेरिकेहून आणलं आणि २६ मे रोजी तिथं पुरलं, सोबत आई मारिया, राणी अलेक्झांड्रा आणि धाकटे भाऊ आंद्रेय. आई इंग्लंडातून आली, राणी ग्रीसमधून. वेगवेगळ्या देशांत विखुरलेलं कुटुंब त्या दिवशी एका छताखाली आलं. आता तुम्ही लिहिलंत 'अस्थी'. मराठी वाचकाला अस्थी म्हटलं की कलश दिसतो, नाशिकचा घाट दिसतो. 'पार्थिव' म्हटलं की माणूस कालच गेला असं वाटतं, आणि इथं तर त्रेचाळीस वर्षं उलटली होती. 'शवपेटी' लिहा.

तर तुमचं वाक्य मी असं केलं असतं: 'युवराज अलेक्झांडर यांचे वडील, युगोस्लाव्हियाचे अखेरचे राजे दुसरे पीटर, यांची शवपेटी २०१३ साली अमेरिकेतून सर्बियात आणली आणि ओप्लेनात्सच्या चर्चमध्ये घराण्यातल्या इतरांशेजारी पुरली.' 'मायदेशी' इथं चाललं असतं, पीटर बेलग्रेडमध्येच जन्मलेले. पण 'अमेरिकेतून सर्बियात' म्हटलं की अंतर दिसतं, म्हणून मी ते ठेवलं. उरलेला मसुदा पाठवलात तर बघतो. फक्त नावांची वंशावळ एका कागदावर काढून सोबत जोडा, नाहीतर अलेक्झांडरांच्या गर्दीत मीही पुन्हा घसरेन.